पक्याच्या प्लॉटवर दीडशे ब्रास

नवी मुंबईतल्या उलव्यात, सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा साडेबारा टक्क्यांतला लहानसा प्लॉट पक्याच्या घरच्यांच्या वाट्याला आला, तेव्हापासून नेरुळच्या आमच्या कट्ट्यावर क्रिकेट मागे पडलंय. तळमजला अधिक दोन. खाली आईबाबा, मधे पक्या, वर धाकटा भाऊ. नकाशा तयार आहे, भूमिपूजनाला अक्षय्य तृतीया धरलेली आहे. घोडं अडलंय ते पायापाशी. एक ठेकेदार म्हणतो राफ्ट, म्हणजे अख्ख्या घराखाली एकच सलग स्लॅब; दुसरा म्हणतो पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर रोवलेले खांब; आणि शेजारचा प्लॉटवाला म्हणतो, "आम्ही साधं फुटिंग मारलं, प्रत्येक खांबाखाली सुटा चौथरा, काही झालं नाही." त्याच्या घराने अजून दुसरा पावसाळा बघितलेला नाही, हे तो सांगत नाही.

परवा बाळू आला. सेंट्रिंगपासून स्लॅबपर्यंत सगळी कामं घेतो, त्यामुळे त्याचा आवाज आपोआप मोठा.

"तीन मजल्यांच्या घराला पाइल? पैसे जास्त झालेत का तुला? सहा फूट खोद, दगडांचं सोलिंग, साध्या काँक्रीटचा थर, त्यावर सळयांची जाळी आणि फुटिंग. घोडबंदरला माझ्या साडूचा बंगला तसाच उभाय."

"घोडबंदरला कुठे?" अनघाने विचारलं. ती स्ट्रक्चरल डिझायनर आहे आणि प्रश्न विचारून माणसाला कोपऱ्यात घेते.

"येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला."

"मग काय! तिथे पाच-सहा फुटांवर कच्चा खडक लागतो. त्याच ठाण्यात जरा बाळकुम-कोलशेतकडे खाडीच्या अंगाला जा आणि तेवढ्याच खड्ड्यात फुटिंग घालून दाखव."

पक्याचे काका एरवी आमच्यात बसत नाहीत, पण त्या दिवशी चहाला थांबले होते. "आमी या शेतान भात लावायचो," एवढंच म्हणाले. ती खारजमीन. बांध घालून खाडी बाहेर ठेवायची, उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, पावसाचं पाणी सोडायचं आणि खारट मातीत तग धरणारं भात घ्यायचं. बांध फुटला की शेताची पुन्हा खाडी. अशा जागेत वरून मुरूम दिसला तरी खाली खाडीचा निळसर-काळा गाळ असतो. मी स्वतः पक्याच्या प्लॉटच्या कोपऱ्यात पहार मारून पाहिली. वरचा थर खणखणला, पुढे पहार लोण्यात जावी तशी गेली, आणि काढताना चप्पल आतच राहिली.

नाना सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. त्यांचं मत ठरलेलं: "राफ्ट टाका आणि झोपा. अख्खं घर एका थाळीवर. खचलं तर सगळं मिळून खचेल, भेगा नाहीत."

अनघाने चहाच्या बिलाची पाठ उलटली. एका मधल्या खांबावर साधारण 40 टन भार येतो असं धरलं. कच्च्या खडकाला चौरस मीटरला 40 टन सोसतात, म्हणजे 1 मीटर बाय 1 मीटरचं फुटिंग पुरलं. खाडीच्या मऊ मातीला जेमतेम 5 टन सोसतात, म्हणजे 8 चौरस मीटर लागले, जवळजवळ 2.8 बाय 2.8. आता खांब साडेतीन मीटरवर असतील तर दोन फुटिंगांमध्ये हातभरच जागा उरते. फुटिंगांनीच निम्म्याहून जास्त जागा खाल्ली की सुटी फुटिंग करण्यात अर्थ राहत नाही.

"म्हणजे राफ्टच!" नानांनी मांडीवर थाप मारली.

"थांबा. पक्या, प्लॉट रस्त्यापासून किती खाली आहे?"

"असेल दोन मीटर. भराव टाकणार ना. पावसात पाणी साचतं."

पुढचा हिशेब ऐकून बाळूसुद्धा गप्प झाला. प्लॉट 200 चौरस मीटर, भराव 2 मीटर, म्हणजे 400 घनमीटर मुरूम, जवळजवळ दीडशे ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). दाबलेल्या मुरमाचं वजन घनमीटरला 1.8 टन धरा, झाले 720 टन. आणि घर? 100 चौरस मीटरचे तीन मजले, मजल्याला चौरस मीटरमागे एक-सव्वा टन. सगळं घर मिळून 350 टनांच्या आसपास.

म्हणजे पक्या घराच्या दुप्पट वजन त्या गाळावर आधीच ठेवणार, आणि पायाची चर्चा मात्र घराच्या वजनावर चाललेली. मला त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच वाटलं, आणि ते कुठल्याही ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये नव्हतं.

गाळ लगेच बसत नाही, हीच मेख. त्यातलं पाणी हळूहळू पिळून निघतं, त्याला वर्षं लागतात. मोठ्या प्रकल्पांत जमिनीत उभ्या पट्ट्यांसारखे ड्रेन घालून, वर जादा भराव ठेवून ते पाणी लवकर काढतात. दोनशे चौरस मीटरच्या प्लॉटला ते कोण करणार? राफ्ट टाकली तर ती गाळाबरोबर खाली जाणार, आणि गाळाचा थर एका बाजूला जाड असला तर नानांची थाळी तिरकी होणार.

"मग पाइल," पक्या हताश होऊन म्हणाला. "खडकात रोवली की विषय संपला."

"विषय संपत नाही. भराव खचताना तो पाइलला धरून खाली ओढतो. घराच्या वजनात ते ओढणंही मिळवावं लागतं. शिवाय घर पाइलवर जागेवर राहील आणि आवार खाली जाईल." तिने समोरच्या इमारतीकडे बोट केलं. पोर्चची पहिली पायरी जोत्यापासून चार बोटं सुटलेली, फटीत सिमेंट भरलेलं, तेही पुन्हा फाटलेलं; बाजूच्या ड्रेनेज चेंबरची तर नवी दुरुस्ती दिसत होती. रोज तिथे पाठ टेकून बसतो आम्ही.

बाळूने मधेच मराठवाड्यातल्या अंडर-रीम्ड पाइलचा विषय काढला. ते काळ्या मातीचं औषध. तिथे वरचा थर पावसात फुगतो, उन्हात आक्रसतो, म्हणून खालचा फुगीर कंद त्या हालचालीच्या खाली रोवतात. उलव्यातला गाळ बाराही महिने ओला. फुगण्या-आक्रसण्याचा इथे प्रश्नच नाही.

"आधी बोअर घे, भोक पाडून खाली काय आहे ते बघ," अनघा म्हणाली. "तीन. तिरके कोपरे आणि मधला."

"शेजारच्याचा रिपोर्ट मिळेल की फुकट."

"खाडीचा तळ परातीसारखा सपाट नसतो रे. तुझ्या एका कोपऱ्यात खडक सहा मीटरवर असेल, दुसऱ्यात बारावर. पाण्यातले क्षारही तपासून घे, सळई गंजण्याचा प्रश्न तिथूनच सुरू होतो."

खर्चाच्या बाबतीत मात्र ती जरा सहज बोलते असं माझं मत आहे. पाइलचं मशीन नुसतं आणून उभं करायचे पैसे लहान घराला जड जातात, आणि पक्याचं कर्ज अजून मंजूर व्हायचंय. बोअरमध्ये खडक वरच निघाला तर खोल फुटिंगवर भागेल, तेवढी आशा आहे. नाही निघाला तर भराव आत्ता टाकून, निदान एक-दोन पावसाळे बसू देऊन मग पुढचं बघायचं, असं तिचंही म्हणणं पडलं.

"आणि मुहूर्त?" पक्या. "बाबा ऐकायचे नाहीत."

"भूमिपूजनाला हातभर खड्डा पुरतो," नाना म्हणाले. "कुदळ मारा, नारळ फोडा. पाया खणा असं भटजी कुठे म्हणतात?"

राहता राहिली बोअरवर देखरेख. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा 75 सेंटीमीटरवरून पडायचा आणि नळी 30 सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं; ठोके कमी, तेवढी माती मऊ. पहिले 15 सेंटीमीटर हिशेबात नाहीत. गाळात नळी कधी कधी नुसत्या वजनाने खाली जाते, ठोका पडायच्या आत. काही ठिकाणी पोरं टेम्पोत बसून आकडे भरतात, असं बाळूच म्हणाला, म्हणजे त्याला ठाऊक असणार. तेव्हा नानांनी वही-पेन घेऊन तिथे खुर्ची टाकायचं ठरलं. बाळूची हरकत एवढीच, की नाना दर ठोक्याला मशीनवाल्याला 1985 सालचा एखादा पूल सांगतील आणि मोजणी चुकेल.