शब्दकोड्याने स्मृतिभ्रंश टळतो, म्हणे!

गेल्या आठवड्यात नानाकाकांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा टाकला. तुमच्याकडेही आला असेलच. थोडक्यात मजकूर असा: मेंदू हा स्नायू आहे, वापरला नाही तर गंजतो. शिकलेल्या, बुद्धीचं काम करणाऱ्यांना अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) होत नाही. अमेरिकेत नन्सवरच्या संशोधनात हे सिद्ध झालंय. दोन भाषा बोलणारेही सुरक्षित. म्हणून रोज अर्धा तास शब्दकोडं किंवा सुडोकू सोडवा, वय काहीही असो. खाली हात जोडलेले आणि फुलं.

एरवी मी असले मेसेज वाचून सोडून देते. हा सोडवत नाही, कारण माझी आत्या. चौतीस वर्षं तिने शाळेत गणित शिकवलं आणि शेवटच्या काळात तिला स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नव्हतं. तेव्हा एका नातेवाईकाने हळूच विचारलं होतं, “निवृत्तीनंतर मेंदूला काम दिलं नसेल का हो त्यांनी?”

“शिकलेल्यांना होत नाही.” होतो. शिकलेल्यांमध्ये तो बऱ्याचदा उशिरा दिसतो, एवढंच. आणि सगळा गोंधळ या ‘दिसतो’ शब्दापाशी आहे. 1988 मध्ये रॉबर्ट काट्झमन आणि सहकाऱ्यांनी शुश्रूषागृहातल्या 137 वृद्धांच्या मेंदूंचा मृत्यूनंतर अभ्यास केला. काहींच्या मेंदूत अल्झायमरच्या भरपूर खुणा होत्या, पण जिवंतपणी ही माणसं नीट बोलत-वागत होती. त्यांच्या मेंदूचं वजन जास्त होतं, मोठ्या चेतापेशीही जास्त होत्या. पुढे कोलंबिया विद्यापीठातल्या याकोव्ह स्टर्न यांनी या कोड्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि ‘कॉग्निटिव्ह रिझर्व्ह’ ही कल्पना रुजली. मराठीत मी तिला मेंदूची शिल्लक म्हणते. आजार खात्यातून पैसे काढतच असतो. शिल्लक मोठी असली तर खडखडाट उशिरा होतो. पैसे काढणं मात्र थांबलेलं नसतं.

याची दुसरी बाजू मेसेजवाल्यांना ठाऊक नसते. लक्षणं सारखीच असलेले दोन रुग्ण घेतले, तर जास्त शिकलेल्याच्या मेंदूचं नुकसान आतून जास्त झालेलं आढळतं. म्हणून निदान झाल्यानंतर त्याची घसरण अनेकदा वेगाने होते. न्यू यॉर्कच्या ब्राँक्समधल्या अभ्यासातही हेच दिसलं: शिक्षण जास्त, तर स्मरणशक्तीची मोठी घसरण उशिरा सुरू झाली, पण सुरू झाल्यावर अधिक वेगाने झाली.

आत्याचं नेमकं असंच झालं. ती दुधाचा हिशोब दोनदा करू लागली, नेहमीच्या रस्त्यावर थबकू लागली, तेव्हा आम्ही तिला दाखवायला नेलं. 30 गुणांच्या चाचणीत तिला 28 मिळाले. शंभरातून सात-सात वजा करत जाणं तिच्यासाठी हातचा मळ होता! “वयोमानाने होतं असं,” म्हणून आम्हाला परत पाठवलं. दीड वर्षाने पुन्हा गेलो तेव्हा बरंच काही हातातून निसटलं होतं. शिल्लक होती म्हणून तिला काही चांगली वर्षं मिळाली, आणि त्याच शिल्लकीमुळे आम्हाला उशिरा कळलं. दोन्ही खरं आहे.

“नन्सवरच्या संशोधनात सिद्ध झालंय.” काय सिद्ध झालंय? डेव्हिड स्नोडन यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या या अभ्यासात 678 नन्स होत्या. संन्यास घेताना, साधारण बाविसाव्या वर्षी, त्यांच्यापैकी काहींनी हाताने लिहिलेली छोटी आत्मचरित्रं मठात जपून ठेवलेली होती. ज्यांची वाक्यं आशयाने दाट होती त्यांच्यात म्हातारपणी अल्झायमर कमी आढळला, ज्यांची विरळ होती त्यांच्यात जास्त. आणि 101 व्या वर्षी वारलेल्या सिस्टर मेरी शेवटपर्यंत चाचण्यांत उत्तम गुण मिळवत होत्या, तरी मेंदूत आजाराच्या खुणा खच्चून भरलेल्या होत्या. विलक्षणच. पण यात सुडोकू कुठे आहे? ते निबंध बाविसाव्या वर्षीचे होते. साठ वर्षं आधीच्या लिखाणातून फार तर एवढं दिसतं की शिल्लक लवकर जमा होऊ लागते. किंवा असंही असेल की जन्मतःच मजबूत असलेल्या मेंदूने तो निबंधही चांगला लिहिला आणि म्हातारपणही बरं काढलं.

“कोडी सोडवा, टळेल.” कोडी सोडवणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळतो, हे काही पाहण्यांत खरंच दिसलं आहे. पण हा आजार निदानाच्या कित्येक वर्षं आधी आत शिरलेला असतो आणि तेव्हाच माणूस हळूहळू छंद सोडू लागतो. मग कोडी सोडवणं बंद झालं म्हणून आजार आला, की आजार येत होता म्हणून कोडी सोडवणं बंद झालं? लंडनच्या सरकारी नोकरांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासाने यावर बोट ठेवलं. 8,280 लोक, सरासरी वय 56, आणि पुढची 18 वर्षं. मध्यमवयात कोण किती छंदांत रमतो याचा नंतरच्या स्मृतिभ्रंशाशी संबंध सापडला नाही. पासष्टीच्या आसपासचे छंद मोजले तेव्हा मात्र सापडला. म्हणजे निदान काही प्रमाणात तरी घोडं गाडीच्या मागे जुंपलेलं आहे. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या, 1936 साली जन्मलेल्यांच्या अभ्यासातही डोकं चालवणाऱ्यांची सुरुवातीची पातळी वर होती, पण घसरणीचा उतार त्यांनाही तसाच होता.

प्रत्यक्ष प्रशिक्षण देऊन पाहिलेला मोठा प्रयोग म्हणजे अमेरिकेतला ‘ॲक्टिव्ह’. 65 वर्षांवरचे 2,832 लोक. स्मरणशक्तीचा सराव केलेल्यांना किंवा तर्काची कोडी सोडवलेल्यांना स्मृतिभ्रंशापासून संरक्षण मिळालं नाही. एका गटात वेगळं दिसलं: झपाट्याने नजरेने टिपण्याचा संगणकावरचा सराव केलेल्यांत दहा वर्षांनी धोका 29 टक्के कमी निघाला. हे मी लपवणार नाही. पण त्या विश्लेषणात सगळ्यांना डॉक्टरांनी तपासून निदान केलेलं नव्हतं, आणि तो सराव शब्दकोड्यासारखा तर मुळीच नाही. बाकी ‘ब्रेन गेम’ विकणाऱ्यांच्या दाव्यांबद्दल एवढंच, की ल्युमोसिटीच्या निर्मात्यांना 2016 मध्ये फसव्या जाहिरातींच्या प्रकरणात अमेरिकी सरकारला वीस लाख डॉलर मोजावे लागले.

“मेंदू हा स्नायू आहे.” नाही. सुडोकूचा सराव केला की सुडोकू छान येतं. रेशनकार्ड कुठे ठेवलं ते त्याने आठवत नाही.

“दोन भाषा बोलणारे सुरक्षित.” हे बहुधा हैदराबादच्या अभ्यासावरून आलं असावं. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 648 रुग्णांची माहिती मांडली: एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला, निरक्षरांमध्येही. आपल्याकडचं मोलाचं काम आहे हे. पण ही 648 माणसं स्मृतिभ्रंशाचे रुग्णच होते! त्यांच्यातले बरेचसे बहुभाषिक. ‘सुरक्षित’ कुठून आलं?

“वय काहीही असो.” इथे मला खरा राग येतो. शिल्लक जमा होण्याचा मोठा काळ बालपण आणि तरुणपण. भारतात 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. बायकांत 9 टक्के, पुरुषांत 5.8, खेड्यात 8.4, शहरात 5.3. यात न मिळालेल्या शाळेचा वाटा मोठा मानला जातो. ज्या आजीला लहानपणी पाटी मिळाली नाही, तिला आता सुडोकू पाठवणं ही थट्टा झाली.

म्हातारपणी करण्यासारखं काहीच नाही, असं मात्र नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात बदलता येण्याजोग्या 14 कारणांची यादी आहे. ती सगळी दूर झाली तर समाजातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा अंदाज. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, कोलेस्टेरॉल. कोड्याचं नाव त्यात नाही. कमी ऐकू येणं आहे, आणि 7 टक्के वाटा घेऊन ते यादीत अगदी वर आहे. 2023 च्या ‘अचीव्ह’ प्रयोगात श्रवणयंत्र दिल्याचा सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही, पण आधीच जास्त धोका असलेल्यांची बौद्धिक घसरण तीन वर्षांत 48 टक्क्यांनी मंदावली.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं आणि शेवटी नानाकाकांना विचारलं, कानाच्या डॉक्टरांकडे कधी जाताय? त्यांच्या टीव्हीवरच्या बातम्या आम्हाला खालच्या मजल्यावर ऐकू येतात. त्यांचं उत्तर आलं: “मशीन म्हाताऱ्यांसाठी असतं.” आणि पाठोपाठ नवं शब्दकोडं.