ऊर्जाकार्यक्षम समाजमंदिर मंजूर करून घ्यायची रीत

पहिली काळजी ही घ्या की प्रस्ताव मे महिन्यात करायचा नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या पुढे जातो, डांबरी रस्त्याला चप्पल चिकटते आणि माणसाला सावलीशिवाय काही सुचत नाही. सावलीला लेखाशीर्ष नाही. प्रस्ताव करायचा तो जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा पांझरेकाठी शेकोट्या पेटलेल्या असतात, पण कचेरीत मार्च एंडचा घाम फुटलेला असतो. ‘३१ तारखेच्या आत खर्ची टाका, नाहीतर निधी परत जाईल’ असा निरोप टेबलाटेबलावरून फिरत असतो. त्या घटकेला जो फाइल घेऊन दारात उभा असेल तोच वंचित, आणि त्याचंच गाव दुर्गम.

आणि एकदा प्रस्ताव गेला की घाई करू नका. नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला आणि २०१८ साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. नुसती आकांक्षा धरायला आपल्याकडे वीस वर्षं लागतात. तुमचं तर बांधकाम आहे.

मी हे ऐकीव सांगत नाही. आमच्या साक्रीकडच्या एका गावात हे सगळं झालं, आणि त्या फाइलीच्या सहा झेरॉक्स मी स्वतः काढल्या आहेत.

फाइलीत ‘ऊर्जाकार्यक्षम’ हा शब्द पानागणिक आला पाहिजे. ग्रामसभेत कुणी अर्थ विचारलाच, तर ‘वरून आलेलं आहे’ एवढंच सांगावं. म्हातारी माणसं ‘वरून’ म्हणजे सूर्य समजतात, आपण मंत्रालय समजतो, आणि या कामात दोन्हींचा हात असल्यामुळे खोटं बोलल्याचं पाप लागत नाही. धोका असतो तो स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोराचा. हल्ली प्रत्येक गावात एक तरी असतो. आमचा उभा राहिला आणि म्हणाला की २००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २००७ साली इमारतींसाठी संहिता आली, २०१७ साली ती सुधारली, भिंतीतून ऊन किती आत यावं, छतानं किती परत फेकावं, खिडकीवर छज्जा किती असावा, सगळं तिच्यात लिहिलेलं आहे. भाऊसाहेबांनी (ग्रामसेवकाचं पद २०२४ पासून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं, पण हाक अजून भाऊसाहेबच) त्याला प्रेमानं खाली बसवलं. ती संहिता १०० किलोवॅट जोडभाराच्या इमारतीपासून पुढे लागू. म्हणजे ७५ वॅटचे साडेतेराशे पंखे एकदम लावले की आपण तिच्यात बसतो. आम्हाला मंजूर होते सहा.

पैसा कुठल्या खिशातून येतो याची चिंता तुम्ही करू नका, खिसे पुष्कळ आहेत. खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा, त्यातला १५ टक्के अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी आणि साडेसात टक्के जमातींच्या वस्त्यांसाठी. पाड्यांसाठी ठक्कर बाप्पा योजना आहे. मार्च २०२६ पर्यंत पंधराव्या वित्त आयोगाचे पैसेही होते, पण त्यातले साठ टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले, त्यामुळे समाजमंदिराला मुतारी जोडली की काम सोपं व्हायचं. शिवाय २०२४ पासून पंतप्रधान सूर्यघर योजना आहे, ७५,०२१ कोटींची. तिच्यात अनुदान राहत्या घराला आहे. समाजमंदिरात कुणी राहत नाही, आणि आमच्याकडे तर कुणी बसतही नाही, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. त्याच योजनेत जिल्ह्यातल्या एका गावाला आदर्श सौरग्राम म्हणून १ कोटी मिळतात, मात्र गाव महसुली हवं आणि वस्ती पाच हजारांच्या वर हवी. सातपुड्यातल्या अठरा झोपड्यांच्या पाड्यानं स्पर्धेत उतरण्याआधी लोकसंख्येचं तेवढं बघून घ्यावं.

आता जागा. गावाच्या मध्यावर बांधायचा मोह होईल, पण तिथे चावडी असते.

आमच्या चावडीविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण ऊर्जाकार्यक्षमतेत काय काय टाळायचं ते तिच्यावरून नीट कळतं. ती धाब्याची आहे. दीड हात जाड पांढऱ्या मातीच्या भिंती, वर सागाच्या कड्या, कड्यांवर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर आणि दरसाल मृगाच्या आधी वरून खारी मातीचा हात. पुढे लाकडी खांबांची ओसरी. वर धूर जायला आणि उजेड यायला एक साणं. मे महिन्यात दुपारचं ऊन भिंतीला बाहेरून लागतं ते चालत चालत आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री गाव धाब्यावर नाहीतर अंगणात बाजा टाकून झोपलेलं असतं. पाहुणा आला तेव्हा घरी कुणीच नाही. उन्हाला असं चुकवणं फक्त मातीला जमतं.

धाब्याचे दोष मी झाकत नाही. झड लागली की ते गळतं. भिंतीत घुशी होतात. खारी माती गाडीभर आणायची तर आता गाडीही नाही आणि बैलही नाही, आणि जी पोरं ती चढवायची ती सुरतेला मिलमध्ये आहेत. तरी पण दुपारी बारा ते चार सगळं गाव तिथेच असतं, पत्ते असोत की तंटा असो.

अशी भिंत नव्या इमारतीला घ्यावी का, असं आमच्या पोरानं शाखा अभियंत्यांना विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “माती दाखवू कशात? मोजमाप पुस्तकात काय लिहू, गावची माती, गावच्या लोकांनी थापली?” हे वाक्य पाठ करून ठेवा, सगळी विद्या त्यात आली. सिमेंटला बिल असतं, लोखंडाला वजन असतं, मातीला काय असतं?

पुढे पोरानं सुचवलं, मग निदान स्लॅबला वरून पांढरा चुना तरी मारू, ऊन परत जाईल. पोतंभर चुन्याचं काम. सभेत हशा पिकला, कारण चुना कुठे लावायचा हे बहुतेकांना आधीच माहीत होतं. पण विनोद सोडा, मुद्दा गंभीर आहे. एका दुपारीत दोन माणसांनी उरकणाऱ्या कामाची ई-निविदा निघत नाही, निविदा नाही तर कार्यारंभ आदेश नाही, आदेश नाही तर नारळ कशावर फोडणार?

तेव्हा जागा गावाबाहेर गायरानात घ्या. रस्ता पश्चिमेला असेल तर दर्शनी बाजू पश्चिमेलाच ठेवा. पुस्तकात लिहितात की लांब भिंती उत्तर-दक्षिणेला असाव्यात, पश्चिमेच्या उन्हाला इमारतीनं पाठसुद्धा दाखवू नये. पुस्तक लिहिणाऱ्याला उद्घाटनाला बोलावलेलं नसतं. साहेबलोक येतात चारनंतर, तेव्हाचं ऊन कोनशिलेवर सरळ पडतं आणि सगळी नावं फोटोत वाचता येतात. आमच्याकडे दर्शनी बाजूला निळी काच लावली, उघडत नाही अशी. काचेनं इमारत आधुनिक दिसते. आत ऊन येतं ते येतंच, पण निळं येतं.

एक अडचण मात्र आली. गायरानात त्या जागेला लागून दोन जुने कडुलिंब होते आणि त्यांची सावली नेमकी छपरावरच्या सोलर पॅनेलवर पडत होती. सोलर तर प्रस्तावाचा आत्मा. कडुलिंब तोडले. नंतर वृक्षारोपणाच्या स्वतंत्र निधीतून त्याच जागी गुलमोहराची पाच रोपं लोखंडी पिंजऱ्यासकट लावली. पिंजरे अजून आहेत.

पॅनेलविषयी थोडी तांत्रिक माहिती असू द्या, भाषणात बरी दिसते. सिलिकॉनचं पॅनेल उन्हावर चालतं, पण उकाडा त्यालाही सोसत नाही. त्याची वीज मोजतात २५ अंशांना, आणि त्यापुढे दर अंशाला ती साधारण ०.४ टक्क्यानं उतरते. मे महिन्यात पॅनेल स्वतः किती तापतं ते हात लावून बघू नका. वर खानदेशची धूळ. दहा-पंधरा दिवसांनी पाण्यानं धुतलं तर पॅनेल नीट चालतं. धुवायला वर चढावं लागतं, चढायला शिडी लागते, आणि शिडी अंदाजपत्रकात नव्हती. आता ती घ्यायची तर सुधारित प्रशासकीय मान्यता लागेल.

खाली बॅटऱ्या होत्या, त्यात महिना-दोन महिन्यांनी डिस्टिल वॉटर घालायचं असतं. ते कुणी घालायचं यावर ठराव झाला, सूचक-अनुमोदकही मिळाले, पाणी तेवढं कुणी घातलं नाही. श्रावणात कानबाईच्या जागरणाला माळा लावायला दोन बॅटऱ्या एका गल्लीनं नेल्या. देवीचं काम, नाही कसं म्हणणार? एक परत आली.

वीज ही आपल्या भागाला नवी नाही, हे भाषणात जरूर सांगा. दीपनगरला कोळशाची होते. आमच्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. गावावरून तारा जातात, पाखरं बसतात. एक गोष्ट तेवढी भाषणात घेऊ नका, बिलगावची. धडगाव तालुक्यातल्या त्या गावानं श्रमदान करून धबधब्यावर १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प २००३ साली चालू केला होता. लोकांनी स्वतः दगड वाहिले, स्वतः दिवे लावले. २००६ साली तो पाण्यात गेला, सरदार सरोवराच्या फुगवट्यानं गेला असं लोक सांगतात. उदाहरण चांगलं आहे, पण त्यात कोनशिला नाही.

उद्घाटनाविषयी मी जास्त लिहीत नाही, ते तुम्हाला येतं. फक्त पंखे त्या दिवशी जनरेटरवर चालवा.

उद्घाटन झालं की इमारतीला कुलूप लावा. उघडी ठेवली तर लोक आत जातात, आत गेले की उकडतं, उकडलं की बोलतात. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात आबा आत जाऊन आले आणि पायरीवर उभे राहून म्हणाले, “आठे हवा नही, लाईट नही, तरी बी इमारत शे!” असं बोलणं पसरायला वेळ लागत नाही. किल्ली अशा माणसाकडे द्या जो गावात नसतो. आमची सुरतेला आहे. मधल्या काळात आत कुणाची तरी मक्याची पोती दिसायला लागली, कुणाची ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच इथे लिहीत नाही.

एवढं पथ्य पाळलंत की तपासणीची भीती उरत नाही. आमच्याकडे पथक आलं ते नेमकं मे महिन्यात, दुपारी साडेबाराला. तीन साहेब, एक टॅब. कुलूप बघून मी घाबरलो, पण ते अजिबात नाराज झाले नाहीत. निळ्या काचेला डोळे लावून त्यांनी आत पाहिलं, बाहेरून चार कोनांतले फोटो घेतले, अक्षांश-रेखांशासकट. मग मीटरजवळ गेले. मीटरवर मागच्या वर्षभरात शून्य युनिट. मोठे साहेब दोन मिनिटं मीटरकडे बघत राहिले. “पूर्ण इमारत, सहा पंखे, बारा ट्यूब, आणि महावितरणचं शून्य युनिट?”

भाऊसाहेब म्हणाले, “सोलर आहे ना साहेब.”

टॅबवर ऊर्जाबचतीच्या रकान्यात १०० टक्के भरलं गेलं. जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्याही गावाचं एवढं आलेलं नाही, असं त्यांनीच सांगितलं. तुमच्या गावाला पंखे लावून, ते चालवून, माणसं बसवून एवढी बचत कधी तरी गाठता येईल का, याचा विचार करा.

आता साहेबांना उन्हात जेवायला कुठे बसवणार? चावडीत बसवलं. खापरावरचे मांडे, आमरस, वर तिखट शेवभाजी. जेवण झाल्यावर तिघेही सतरंजीवर आडवे झाले. मातीची भिंत पाठीला गार लागत होती. छोटे साहेब तर घोरलेच. चारच्या सुमाराला मोठे साहेब उठून बसले, डोक्यावर बघितलं, पंखा शोधला, सापडला नाही, तेव्हा भिंतीवर हात फिरवून म्हणाले, “गार आहे हो फार. किती वर्षांची?”

आबा म्हणाले, “मना आजाना आगोदरनी शे, साहेब.”

साहेबांनी टॅब पुन्हा उघडला. शंभर वर्षांच्या वरची मातीची इमारत, सार्वजनिक वापरात, तीही रोजची. धोकादायक. निर्लेखनाचा प्रस्ताव पावसाळ्याआधी पाठवा, म्हणाले, जागा मोकळी झाली की दुसऱ्या टप्प्यातली इमारत इथेच मध्यवस्तीत घेता येईल. भाऊसाहेबांनी लिहून घेतलं. झेरॉक्सला मी आहेच.

आबांनी विचारलं, “मंग पुढला खेपले तुम्ही बसशात कोठे?”

साहेब ओसरीवर बूट घालता घालता म्हणाले, “काळजी करू नका आबा, दुसऱ्या टप्प्यात एसी धरलाय. पाच स्टारचा.”