जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी? कुठाय?

शहापूरच्या आमच्या वैनी गटातल्या बायकांबरोबर फ्यूज्ड ग्लासची, म्हणजे भट्टीत काचेचे तुकडे वितळवून एकजीव केलेली, पेंडंटं आणि कानातली करतात. काल त्यांना एक फॉरवर्ड आलं : ‘काचेच्या दागिन्यांना कुठलीही तार चालते, सराफाचे पैसे वाचवा.’ वैनींनी लगेच विचारलं, “मग जर्मन सिल्व्हरचं बंडल आणू की?” म्हणून असे ऐकीव समज एकेक करून तपासू या.

‘जर्मन सिल्व्हर ही चांदीचीच जात, कानाला सोसते.’ साफ खोटं. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं. चांदी औषधालाही नाही. पांढरी झाक येते ती निकेलमुळे, आणि कानाची पाळी लाल होऊन खाजते, पाण्याने भरते, तीही बहुतेकदा निकेलमुळेच. एकदा ही ॲलर्जी जडली की सहसा जन्मभर पिच्छा सोडत नाही. युरोपीय संघाचा नियम बघा : टोचलेल्या कानात जाणाऱ्या भागातून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमीच निकेल सुटायला हवं. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाचा पाचवा हिस्सा! ‘वर चांदीचं पाणी दिलंय’ म्हणाल, तर हूक भोकात जिथं घासतो तिथंच ते आधी उडतं.

आता निकेल भट्टीत चालतं, हे मान्य करावं लागेल. निक्रोम, म्हणजे हीटरच्या कॉइलची निकेल-क्रोमियमची तार, सुमारे १४०० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. पेंडंटच्या काचेत तिची कडी खुशाल पुरा. तिच्यातून साखळी जाते, कान नव्हे.

‘९२५ चांदी कडक, म्हणून तीच भट्टीत घाला.’ ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. कडक आहे, खरंय. हूक तिचेच करा. पण ती ८०० अंशांच्या आसपास वितळू लागते आणि काच पूर्ण एकजीव करायला भट्टी तिथवरच न्यावी लागते. काचेत पुरायला शुद्ध चांदी घ्या, ती ९६१ पर्यंत टिकते.

तांबं ‘आरोग्यदायी’ वगैरे सोडा. भट्टीत टिकतं, पण काळं पडून पापुद्रे सुटतात, ते घासत बसायचं.

‘तार जितकी जाड तितका दागिना मजबूत’ हेही उलटंच. थंड होताना धातू काचेपेक्षा जास्त आकसतो, जाड तारेभोवती काच तडकते.

आणि शेवटी जीआय तार! तिच्यावर जस्ताचा थर असतो. भट्टीत त्याचा धूर होतो, आणि तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही जुन्या वेल्डरला विचारा. फॉरवर्डमधल्या फोटोत तर भट्टी स्वयंपाकघरात, गॅसच्या शेजारी मांडलीय.