खुलासा : रुंदीकरणात पाणी, वीज, घंटागाडी महिनाभर बंद नाही

‘रस्तारुंदीकरणामुळे पाणी, वीज, घंटागाडी महिनाभर बंद’ हा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तसं नाही. क्षेत्रीय कार्यालयात कनिष्ठ अभियंत्यांना विचारून आलो.

नवी जलवाहिनी आधी कडेने टाकतात, तपासतात. तोवर जुनी चालूच असते. पाणी जातं ते जोडणीच्या दिवशी. नंतर नळाला गढूळ येतं, ते पहिलं पाणी भरू नका. विजेचंही तेच, नियोजित बंदचा एसएमएस महावितरण नोंदवलेल्या मोबाइलवर पाठवतं.

घंटागाडी मात्र खोदकाम असेपर्यंत गल्लीत शिरणार नाही, कोपऱ्यावर थांबेल. ओला-सुका वेगळा करून तिथवर न्यावा लागेल. ज्येष्ठांना त्रासच आहे, शेजाऱ्यांनी बघावं. पण दारोदार कचरा गोळा करणं घनकचरा नियमांनी पालिकेवर बंधनकारक आहे, त्यामुळे गाडी बंद होणार नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.