बाईची छाती दुखत नाही, 'पाठीत भरते'

मागच्या डिसेंबरात माझी मोठी माय कापूस वेचत होती. सकाळची थंडी, आणि हिचं लुगडं घामानं ओलं. "पाठीत भरून आलं वं, जीव घाबरून राहिला," एवढंच म्हणाली. मोठे बाबा म्हणाले, "गॅस असन." तालुक्याच्या डॉक्टरनंही गॅसचंच इंजेक्शन दिलं, ईसीजी काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी धाप थांबेना, तेव्हा जिल्ह्याला नेलं. अटॅक आदल्या दिवशीच येऊन गेला होता. आता हृदयाचं पंपिंग कमी झालंय. अंगणातून चुलीपर्यंत आली की बसते.

नंतर विचारलं, छाती दुखत नव्हती का?

"दुखत होती नं. पन चार मानसायसमोर छाती कशी म्हनावं?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या दवाखान्यातल्या पोस्टरवर शर्टातला माणूस डाव्या छातीवर हात दाबून उभा आहे. बाईलाही बहुतेक वेळा छातीत दुखतंच. पण जबडा, खांदा, पाठ दुखणं, मळमळ, दम लागणं, अंगातलं बळच जाणं हे बायकांत जास्त दिसतं. कधी तर तेवढंच दिसतं. त्या पोस्टरमध्ये यातलं काहीच नाही. आणि आमच्याकडे बाईला दम लागला तर कोण दचकतं? कामानं लागला असेल, असंच म्हणतात.

दुसरी गोष्ट. पोटुशी असताना बीपी मोजतात, कार्डावर लिहितात. बाळंतपण झालं की कार्ड पेटीत जातं. गरोदरपणात बीपी वाढून झटक्यांपर्यंत गेलेल्या बाईला पुढे हृदयाच्या आजाराचा धोका साधारण दुप्पट असतो, हे तिला कोणी सांगत नाही. तिशीनंतर बीपी-शुगरची तपासणी उपकेंद्रात फुकट होते. पण वेचणीच्या दिवसांत मजुरी किलोवर. कोण जाईल?

खर्ऱ्याबद्दल, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या मिश्रणाबद्दल, बोललं की सगळे पुरुषांकडे बघतात. बायकाही खातात, नस म्हणजे तंबाखूची पूड दातांना घासतात, फक्त पदराआड. तंबाखूतलं निकोटिन तर पदर बघून थांबत नाही.

आता कोणी म्हणेल, मग पोस्टर बदला. बदला, पण मराठीतच छापाल ना? आमच्या यवतमाळात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत, बंजारा तांडे आहेत, गोंडी बोलणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. त्यांच्याकडे हे पोस्टरनं पोचणार नाही. बचत गटाच्या बैठकीत, पुरुष नसताना, त्यांच्याच बोलीत, त्यांच्यातल्याच बाईनं सांगावं लागेल. 'छाती दुखते का' असं न विचारता 'पाठीत भरते का, जीव घाबरते का' असं विचारावं लागेल. आणि थंडीत घाम फुटला तर गॅसची गोळी शोधत न बसता १०८ लावायचा, पहिल्यांदा ईसीजी मागायचा.

कोलामीत 'जीव घाबरते' कसं म्हणतात, मला येत नाही. पोडावरच्या आशाताईंना उद्या बाजारात गाठून विचारणार आहे.