आई-बाबांना आराम कसा द्यावा

घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल तर आधी एक वाक्य पाठ करा, "तुम्ही आता आराम करा." इतकं गुणकारी वाक्य मराठीत दुसरं नसेल, कारण यात माया पण दिसते आणि समोरचा माणूस विषयातून अलगद बाद होतो. सोफा कुठला घ्यायचा, नातीला कुठल्या शाळेत घालायचं, गावची जमीन ठेवायची की विकायची, बाबांनी तोंड उघडलं रे उघडलं की म्हणायचं, बाबा तुम्ही आराम करा. फक्त टायमिंग सांभाळा हां. सकाळी 6 ला दूध आणायला, पावणेआठला नातवाला स्कूलबसला सोडायला, दुपारी पार्सलवाल्याला ओटीपी सांगायला आणि सिलिंडरची वाट बघत बसायला कुणीतरी लागतंच, तेव्हा चुकूनही आराम म्हणू नका. तेव्हा म्हणायचं, "तेवढाच तुमचा वेळ जातो."

फ्लॅटचं मात्र वेळेत उरका. नंतर धावपळ नको म्हणून बक्षीसपत्र करून घ्यायचं. इथे एक खड्डा आहे बरं का. 2007 साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी कायदा आला, त्यात ते कलम 23 आहे, म्हणजे सांभाळ करायच्या अटीवर फ्लॅट दिला आणि पोरानं सांभाळलंच नाही तर म्हातारा प्रांतांच्या न्यायाधिकरणात जाऊन कागद रद्द मागू शकतो. त्यामुळे ती अट लिहायला सुचवणाऱ्या वकिलाच्या वाऱ्याला पण आईला उभं करू नका. तिनं विचारलंच तर दुखावलेला चेहरा करून म्हणा, "आई, आपल्यात कागद कशाला गं, विश्वास नाही का?" आणि हे म्हणत असतानाच कागदावर सही घ्या.

कलम 24 पण वाचून ठेवा. म्हाताऱ्यांना कुठेतरी सोडून दिलं तर 3 महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर 5000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून सोडू बिडू नका, घरातच ठेवा आणि बोलू नका. न बोलण्याला कलम नाहीये.

1 ऑक्टोबरला, म्हणजे ज्येष्ठ नागरिक दिनाला, स्टेटस टाकायचं, "आमचे आधारवड". फोटो मागच्या लग्नातला चालतो. फॅमिली ग्रुपवर बाबा रोज गुड मॉर्निंगची फुलं टाकतात तो ग्रुप म्यूट असला तरी यात काही अडत नाही.

हयातीच्या दाखल्याला सोबत जाऊ नका, रजा फुकट जाते. मी एकदा गेलो, म्हणून सांगतो. बाबांनी 34 वर्षं लेथवर काढलेली, बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. मशीनवर अंगठा ठेवला, नाही. शर्टाला पुसून ठेवला, नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आजोबा दुसरं बोट द्या, मग एकेक करत दहाही झाली. बाबा समोर उभे, धाप लागलेली, आणि मशीन म्हणतंय हा माणूस सापडत नाही. ईपीएसची, म्हणजे पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन 2014 पासून हजार रुपयांवर बसलीये, त्याच्या थोडी वर बाबांची, आणि तेवढ्यासाठी जिवंत असल्याचा पुरावा. मी मोबाईल बघत होतो, त्यामुळे मला फार त्रास झाला नाही.

प्रवासाचं टेन्शन घेऊ नका. रेल्वेची म्हाताऱ्यांची सवलत 2020 च्या मार्चमध्ये कोरोनात गेली ती परत आलीच नाही, म्हणजे काशीचा विषय आपोआप मिटला. पण एसटीनं 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट केलंय आणि तिथे घोळ होतो. आमचे बाबा परवा न सांगता गायब. संध्याकाळी 7 ला आले, हातात पिशवीत सीताफळं.

"कुठे होता?"

"सासवडला."

"काय काम होतं?"

"काही नाही. खिडकी मिळाली होती."

तेव्हा फोनचं लोकेशन ऑन करून ठेवा.