बाळंतिणीची गोळी

आज रामबागेत बारशाला गेले होते. बाळंतीण खुर्चीच्या काठावर अवघडून बसलेली, एक हात पोटावर. सिझर आहे तिचं. "दुखतंय का गं?" विचारलं, तर म्हणे, "दुखतंय, पण गोळी बंद केलीय. दुधातून बाळाला उतरते ना!" मागून मावशींचा शेरा आला, "आई झालीस, आता सोसायला शीक." मावशींपुढे गप्प बसले. घरी आल्यापासून मात्र डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

माझं सिझर ११ वर्षांपूर्वीचं. घरी आणल्याबरोबर सासूबाईंनी गोळ्यांची पट्टी देवघरावरच्या फळीवर ठेवली. माझा हात तिथवर पोचणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावर कुणीतरी मिरचीची फोडणी दिली आणि मला शिंक आली.

टाके असताना आलेली शिंक. ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

अगं बायांनो, साधी पॅरासिटामॉल असते ती! यकृत तिला पाण्यात विरघळेल असं रूप देतं आणि ती लघवीवाटे निघून जाते. दोन-तीन तासांत रक्तातली अर्धी संपलेली असते. दुधात उतरतो तो जरासा अंश. तान्ह्याला ताप आला की डॉक्टर याच औषधाचे थेंब देतात, ते याहून कितीतरी जास्त असतात. इबुप्रोफेन तर रक्तातल्या प्रथिनांना अशी चिकटून बसते की दुधात जवळजवळ येतच नाही. उलट दुखण्याने ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक अडतं, आणि त्याच्याशिवाय दूध सुटत नाही. त्या शिंकेनंतर तासभर मला बाळाला छातीशी घेता आलं नाही. दुधासाठी म्हणून गोळी बंद, आणि दूधच अडलेलं!

बरं, सगळ्या गोळ्या सारख्या नसतात, मान्य. कोडीन आणि ट्रामाडॉल या दुखण्यावरच्या कडक गोळ्या यकृतात गेल्यावर जास्त जोरकस होतात, कोडीनचं तर चक्क मॉर्फिन बनतं. हे काम करणारं सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम काहींमध्ये इतकं झपाट्याने चालतं की दुधातून बाळाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्ये अंगावर पाजणाऱ्या आयांना या दोन्ही गोळ्यांबद्दल कडक इशारा दिला. आणि काहींमध्ये तेच एन्झाइम इतकं मंद असतं की कोडीन घेऊनही दुखणं तसंच राहतं. अशा बाईला आपल्याकडे काय म्हणतात? नाटकी! पण कुठली गोळी चालेल हे डॉक्टरांनी ठरवायचं, की बारशाला जेवायला आलेल्यांनी?

असो. सासूबाई दुष्ट नव्हत्या. त्यांची चारही बाळंतपणं घरात झाली, त्यांना कुणी कधी गोळी विचारलीसुद्धा नाही. त्या शिंकेच्या वेळी हातातलं काम टाकून त्याच धावत आल्या, माझ्या पोटावर उशी दाबून बसून राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. पण हात काही फळीकडे गेला नाही.

आज निघताना बाळंतिणीच्या नवऱ्याला जिन्यात गाठलं. म्हटलं, "भिया, आत्ता माझ्यासमोर डॉक्टरांना फोन लाव." लावला बिचाऱ्याने. पलीकडून आवाज आला, "बंद करायला कुणी सांगितली?"

तो माझ्याकडे बघायला लागला. आत मावशी पाळण्याची दोरी ओढत होत्या.